सहल कंपनीविना चीनच्या म्याओ आणि दोंग मुलखात: सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी

सोलापूरहून चीनला जाणारे बहुतेक लोक एक तर व्यापारासाठी ग्वांगझोऊच्या प्रदर्शनाला जातात, नाही तर सहल कंपनीबरोबर बीजिंग, शिआन आणि शांघाय पाहून आठवड्याभरात परत येतात. या दोन्ही वाटा सोडून, चीनच्या नैऋत्येकडील डोंगराळ भागात राहणाऱ्या, बहुसंख्य हान समाजाबाहेरच्या म्याओ आणि दोंग यांसारख्या लोकांच्या गावांत आपले आपण जाऊन चार दिवस राहावे, अशी इच्छा असणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. हा प्रवास वाटतो तेवढा अवघड नाही. मात्र त्याची तयारी घरून निघण्यापूर्वी करावी लागते, कारण तिथे पोहोचल्यावर भारतातील मोबाइलवरच्या निम्म्या सोयी बंद पडलेल्या असतात.

चीन सरकारने देशातील लोकांचे 56 वंशगट मानले आहेत. हान सोडून उरलेले 55 गट मिळून 2020 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येच्या सुमारे 9 टक्के, म्हणजे साडेबारा कोटींच्या आसपास भरतात. महाराष्ट्राच्या 2011 च्या लोकसंख्येपेक्षा हा आकडा मोठा आहे. पहिल्याच खेपेस यांतील जास्तीत जास्त गट पाहून घ्यावेत, असा मोह प्रवाशाला होतो. दालीतील बाय, लीजियांगमधील नाशी, शिश्वांगबान्ना येथील दाई, युआनयांगच्या डोंगरावरील हानी अशी यादी तयार होते आणि मग प्रत्येक ठिकाणी एक रात्र, एक नाचाचा कार्यक्रम आणि एक दुकान एवढेच हाती लागते. माझे मत असे की एकच खोरे निवडावे, तिथे एका गावात मुक्काम ठेवावा आणि आसपासच्या गावांत बसने किंवा पायी फिरावे. पुढचे सर्व विवेचन त्याच धोरणाला धरून आहे.

कोणता प्रदेश निवडावा

काही प्रदेश सुरुवातीलाच वगळावेत. तिबेट स्वायत्त प्रदेशात परदेशी माणसाला एकट्याने फिरता येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेमार्फत वेगळा परवाना आणि वाटाड्या घ्यावाच लागतो, त्यामुळे तो स्वतंत्र प्रवास उरत नाही. शिनजियांगमध्ये असा परवाना सर्वत्र लागत नसला, तरी तपासणी नाके इतके आणि चौकशी इतकी की पहिल्या प्रवासासाठी तो भाग योग्य नाही. तिबेटी संस्कृतीचीच ओढ असेल, तर तिबेट स्वायत्त प्रदेशाबाहेरचे गान्सू प्रांतातील शियाहे किंवा युन्नानमधील शांग्रीला हे पर्याय आहेत. मात्र शांग्रीला 3,200 मीटरच्या वर असल्याने पहिले दोन दिवस सावकाश चालावे, आणि असे भाग परदेशी प्रवाशांना मधूनमधून बंद होतात हे गृहीत धरावे.

सोलापूरकराला माझी शिफारस गुइझोऊ प्रांताच्या आग्नेयेकडील छियानदोंगनान या म्याओ-दोंग स्वायत्त विभागाची आहे. काइली हे त्याचे मुख्य शहर. चीनभरात म्याओ सुमारे 1 कोटी 10 लाख आणि दोंग सुमारे 35 लाख आहेत, आणि दोघांचीही दाट वस्ती या डोंगरांत आहे. शिफारशीचे पहिले कारण कापड: इथल्या गावांत नीळ, सूत आणि सुई यांचे काम आजही घराच्या ओट्यावर चालते, आणि मागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला त्यातले बरेच काही न सांगता कळते. दुसरे कारण रेल्वे. गुइयांग ते ग्वांगझोऊ हा 857 किलोमीटरचा जलद रेल्वेमार्ग डिसेंबर 2014 मध्ये सुरू झाला आणि तो याच खोऱ्यांतून जातो.

व्हिसा आणि वाट

चीनचा पर्यटक व्हिसा निघण्यापूर्वी काढावाच लागतो. सोलापूर, पुणे आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी अर्ज मुंबईत द्यावा लागतो. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाऊन दुसऱ्या रात्री परतता येते, पण कागद अपुरे निघाले तर ती खेप फुकट जाते. त्यामुळे ऑनलाइन भरलेला अर्ज, ठरलेल्या मापाचा फोटो, जाण्यायेण्याची तिकिटे, मुक्कामांची आरक्षणे आणि बँकेची विवरणे एकाच क्रमाने लावून घ्यावीत. अर्जात प्रवासाचा आराखडा साधा ठेवावा: ग्वांगझोऊ, गुइयांग, काइली. लहान गावांची लांबलचक यादी दिल्याने कोणताही फायदा होत नाही.

भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा 2020 पासून बंद होती. ती ऑक्टोबर 2025 मध्ये कोलकाता–ग्वांगझोऊ या उड्डाणाने पुन्हा सुरू झाली आणि त्यानंतर दिल्लीहूनही विमाने सुटू लागली. बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे येणे कधी स्वस्त पडते. तिकीट काढताना दोन्ही दर ताडून पाहावेत. ग्वांगझोऊत उतरल्यावर दक्षिण स्थानकावरून जलद गाडीने त्सोंगजियांग स्थानक गाठावे. हा प्रवास साधारण साडेतीन-चार तासांचा आहे आणि तिथून झाओशिंग हे दोंग लोकांचे मोठे गाव दहा किलोमीटरच्या आत आहे. म्याओ गावे आधी पाहायची असतील, तर त्याच मार्गावरून पुढे गुइयांगला जावे आणि तिथून दुसऱ्या जलद गाडीने काइली दक्षिण स्थानकावर उतरावे. हे अंतर तासाभराच्या आतले आहे.

रेल्वेची तिकिटे साधारण 15 दिवस आधी खुली होतात आणि ती पासपोर्ट क्रमांकावरच मिळतात. फाटकावर छापील तिकीट नव्हे, पासपोर्ट दाखवायचा असतो. स्थानकात सामानाची तपासणी होते, तेव्हा पाऊण तास हाती ठेवावा. ऑक्टोबरच्या 1 ते 7 तारखा, मे महिन्याचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्षाचा पंधरवडा कटाक्षाने टाळावा. त्या दिवसांत अख्खा देश गावी निघालेला असतो आणि आपल्या दिवाळीतील एसटीची गर्दी त्यापुढे किरकोळ वाटते. देशांतर्गत विमानाने जाणार असाल, तर पॉवर बँकेवर थ्री-सी हे चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राचे चिन्ह आहे का ते पाहावे, कारण जून 2025 पासून त्याविना ती विमानात नेता येत नाही.

फोन, पैसे आणि पोलीस नोंद

गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि फेसबुक चीनमधील स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले, तर ती बहुधा चालतात. म्हणून घरच्यांशी रोज बोलायचे असेल, तर रोमिंगचा खर्च आधीच हिशेबात धरावा. भाषांतराचे ॲप आणि चिनी भाषेचा साठा सोलापुरातच उतरवून घ्यावा, तिथे गेल्यावर नव्हे.

पैशांची अडचण भारतीयांसाठी थोडी जास्त आहे. चीनमध्ये भाजीवालीसुद्धा मोबाइलवर चौकोनी कोड दाखवते, आणि 2023 पासून परदेशी कार्डे तिथल्या पेमेंट ॲपना जोडता येतात. परंतु त्यांपैकी वीचॅट या ॲपवर भारतात जून 2020 पासून बंदी असल्याने सगळी भिस्त त्यावर ठेवता येत नाही. आपल्या बँकेत जाऊन कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावेत, एक जादा कार्ड वेगळ्या बॅगेत ठेवावे आणि युआनच्या लहान नोटा जवळ असू द्याव्यात. 2025 मध्ये एक युआन बारा रुपयांच्या आसपास पडत होता. रोख रक्कम नाकारणे तिथल्या नियमात बसत नाही, पण गावातील दुकानदाराकडे सुटे नसतात. शंभराची नोट दिली तर तो शेजारीपाजारी फिरून येतो आणि तेवढ्यात बस निघून जाते.

परदेशी माणसाने मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यापासून 24 तासांत पोलिसांकडे नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. हॉटेलात ही नोंद हॉटेलवालेच करतात. गावातील घरगुती मुक्कामाच्या मालकांना मात्र ती पद्धत अनेकदा ठाऊक नसते, किंवा नसती कटकट नको म्हणून ते परदेशी पाहुणाच नाकारतात. म्हणून आरक्षण करतानाच आपण भारतीय पासपोर्टधारक आहोत हे कळवावे. कुणा कुटुंबाकडे राहिलात, तर यजमानासह जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करून घ्यावी. नोंद राहिली तर त्रास आपल्याइतकाच यजमानालाही होतो. पासपोर्ट सतत जवळ ठेवावा. पोलीस 110, रुग्णवाहिका 120 आणि अग्निशमन 119 हे क्रमांक लिहून ठेवावेत. ग्वांगझोऊत भारताचा वाणिज्य दूतावास आहे, त्याचा क्रमांकही त्याच कागदावर असावा.

जेवण

शाकाहारी, त्यातही लिंगायत आणि जैन कुटुंबांतील प्रवाशांनी हा भाग दोनदा वाचावा. गुइझोऊत भाजी भरपूर मिळते, परंतु ती डुकराच्या चरबीत परतलेली किंवा हाडांच्या रश्शात शिजवलेली असू शकते, आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या दृष्टीने ती भाजीच असते. ‘वो छी सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे म्हणून भागत नाही. मांस, मासे, चरबी आणि मांसाचा रस्सा यांपैकी काहीही नको, तेल वनस्पतीचे हवे, असे स्पष्ट चिनी अक्षरांत लिहिलेले कार्ड छापून घ्यावे आणि ते वाढणाऱ्याला नव्हे, तर थेट चुलीपाशी दाखवावे. कांदा-लसूणही वर्ज्य असेल, तर शहरातील बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी उपाहारगृहे शोधावीत. तिथे ते पथ्य मुळातच पाळले जाते.

दोंग घरात पाहुण्यापुढे तेलचहा येतो: चहाची पाने तेलात परतून त्यात पाणी उकळतात आणि तो वाडग्यात फुलवलेला तांदूळ, शेंगदाणे यांवर ओततात. शाकाहाऱ्याने त्यात मांसाचे तुकडे नाहीत ना, एवढे आधी विचारावे. म्याओंचा आंबट रस्सा चवीला चांगला, पण तो बहुधा माशासह शिजतो. त्सोंगजियांग आणि रोंगजियांग परिसरात हिरवट, कडवट रश्शाचे एक हंडीतले जेवण मोठ्या मानाने वाढले जाते. त्यात गोमांस आणि गाईच्या पोटातील अर्धवट पचलेल्या चाऱ्याचा अर्क असतो. हंडीतला रंग पाहून ती पालेभाजी समजू नये. चिकट भात, टोफू, रताळे, मका आणि तिखट यांवर दिवस निघतो. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे बंद पाकीट असले, की डोंगरातल्या पायपिटीत दुपारची चिंता राहत नाही. ताजी फळे, भाज्या, बियाणे आणि दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नयेत. विमानतळावर ते काढून घेतले जातात.

केव्हा जावे आणि कुठे राहावे

गुइझोऊबद्दल चिनी लोकांतच म्हण आहे, की तिथे सलग तीन दिवस ऊन नसते आणि सलग तीन कोस सपाट जमीन नसते. सोलापूरच्या उन्हातून जाणाऱ्याला हा ओलावा पहिल्या दिवशी सुखद वाटतो, तिसऱ्या दिवशी मोजे वाळत नाहीत. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध हे काळ उत्तम. मे ते ऑगस्ट पाऊस जोरात असतो आणि दरडीमुळे रस्ते बंद होतात. हिवाळ्यात पारा फार उतरत नसला, तरी लाकडी घरे गरम करण्याची सोय शेगडीपुरतीच असते.

सणांची ख्याती मोठी आहे. ताइजियांग परिसरातील म्याओंचा भगिनी-भात उत्सव चांद्र तिसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो, आणि त्यात मुली चांदीचे शिरोभूषण घालून नाचतात. तरीही पहिल्या खेपेला मी सणापेक्षा बाजाराचा दिवस सुचवतो. सणाला खोल्या मिळत नाहीत आणि छायाचित्रकार गावकऱ्यांहून अधिक असतात. बाजार आपल्या आठवडी बाजारासारखाच, फक्त वाराला बांधलेला नसून पाच, सहा किंवा सात दिवसांच्या फेऱ्याने गावोगाव फिरतो, म्हणून आज कुठल्या गावी बाजार आहे हे मुक्कामाच्या मालकिणीला आदल्या संध्याकाळी विचारावे. सकाळी आठच्या आत पोहोचल्यास निळीचा लगदा, भरतकामाचे रेशमी दोरे, पिल्ले, शेतीची अवजारे असे सगळे एका रांगेत दिसते. दुपारनंतर पटांगण रिकामे होते.

शीजियांगचे हजार घरांचे म्याओ गाव सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याला प्रवेश तिकीट आहे, रात्री डोंगरभर दिवे लागतात आणि दारोदार दुकाने आहेत. उंचावरून एकदा पाहून पुढे निघावे, एवढीच त्याची किंमत मी करीन. झाओशिंगलाही तिकीट आहे, पण तिथे मुक्काम करणे फायद्याचे ठरते: गावात पाच नगारामनोरे आहेत, लाकडाचे, लोखंडी खिळ्यांविना जोडलेले, आणि त्यांच्या खाली संध्याकाळी म्हातारी माणसे शेकोटीभोवती बसतात. तिथून डोंगरावरच्या तांगआन या गावी गाडीने चढून भातशेतांतून पायी उतरावे. दोंगांचे विना-वाद्य, बहुस्वरी समूहगान 2009 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. रंगमंचावरचा कार्यक्रम तिकीट काढून ऐकता येतो, पण सरावाच्या संध्याकाळी मनोऱ्याखाली बसायला मिळाले तर ते सोडू नये. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये असाल, तर ताइजियांगजवळच्या ताइपान गावचे बास्केटबॉल सामने, जे 2022 मध्ये देशभर गाजले, किंवा रोंगजियांगचे 2023 पासूनचे गावोगावचे फुटबॉल सामने पाहावेत. वेशभूषेच्या कोणत्याही कार्यक्रमापेक्षा तिथे गावाची ओळख लवकर होते.

वागणूक

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांच्या मागापाशी एखादा परका न विचारता शिरला, म्हाताऱ्या आजींच्या तोंडासमोर कॅमेरा धरून निघून गेला, तर आपल्याला जे वाटेल तेच तिथल्या लोकांना वाटते. फोटो विचारून काढावा, काढल्यावर दाखवावा, आणि नकार आला तर दुसऱ्यांदा विचारू नये. वृद्ध स्त्रियांना मँडरिन चिनीसुद्धा पुरेशी येत नाही. तुमच्या ॲपचे भाषांतर त्यांना कळत नसेल, तर घरातील शाळकरी मुलांना मध्ये घ्यावे.

म्याओ गावाच्या वेशीवर तांदळाची दारू देऊन स्वागत होते. शिंगातून दिलेल्या दारूला हात लावला, तर शिंग पूर्ण रिकामे करावे लागते असा तिथला रिवाज सांगतात. हात पाठीमागे ठेवून ओठ टेकवले की मान राखला जातो. अजिबात पीत नसाल, तर छातीवर हात ठेवून डोके हलवावे. घरात चुलीवरून पाय ओलांडू नये. संपूर्ण गाव लाकडाचे असते आणि एका घराची आग गावभर जाते, म्हणून विडी-सिगारेट आणि चार्जिंगची वायर या दोन्हींबाबत यजमान सांगेल ते पाळावे. राजकारण, धर्म, सरकारचे वांशिक धोरण यांवर यजमानाला प्रश्न विचारू नयेत. आपण परत येतो, त्याला तिथेच राहायचे असते.

भेट न्यायची असेल, तर टॉवेल आणि रुमाल नेऊ नयेत, सोलापूरची ती ओळख असली तरी. चीनमध्ये ती वस्तू निरोपाची किंवा मयताची आठवण देते असे मानतात. हातमागावर विणलेले लहानसे भिंतचित्र वजनाला हलके आणि शोभेलही. भारतातून आलो एवढ्याने संभाषण पुढे सरकत नसेल, तर चीनमध्ये वैद्यकीय सेवा केलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चिनी नाव, के दीहुआ, चिनी अक्षरांत लिहून जवळ ठेवावे. भय्या चौकातील त्यांच्या स्मारकाचा एखादा फोटोही फोनमध्ये असू द्यावा. त्यांचे कार्य उत्तरेकडील हेबेईत झाले, त्यामुळे गुइझोऊत ते सर्वांना माहीत असतीलच असे नाही; शिक्षक आणि वयस्कर लोक मात्र ओळखण्याची शक्यता अधिक.

कापड कसे घ्यावे

दोंग कापड पहिल्यांदा हातात घेतल्यावर ते चामडे आहे की कागद, असा संभ्रम होतो. घरी विणलेले सुती कापड निळीच्या पिंपात अनेक दिवस पुन्हा पुन्हा बुडवतात. पिंपात निळीच्या लगद्याबरोबर राखेचे पाणी आणि तांदळाची दारू असते, आणि कापड बाहेर काढले की हवेत हिरव्याचे निळे होत जाते. मग ते दगडावर घालून लाकडी मोगरीने तासन्‌तास कुटतात, त्यावर अंड्यातील पांढरा बलक लावतात, पुन्हा कुटतात, वाफवतात. शेवटी जांभळट काळी, धातूसारखी चमक येते. झाओशिंगमध्ये शरद ऋतूत सकाळी हा ठोका गल्लीगल्लीतून ऐकू येतो. खरा नग ओळखायचा, तर बोटावर थुंकी लावून कडेला घासावे, रंग उतरतो. वासात नीळ आणि अंडे दोन्ही असतात. आणि पन्हा अरुंद असतो, कारण घरगुती माग लहान आहे. रुंद ताग्यातून कापलेले चकचकीत कापड कारखान्याचे समजावे.

भरतकाम घेताना तुकडा उलटा करून पाहणे ही सवय आपल्याकडे बहुतेकांना असतेच. यंत्राच्या कामात मागच्या बाजूला एकाच रंगाचा बारीक दोरा सगळीकडे पळतो आणि टाके सारख्या अंतरावर पडतात. हाताच्या कामात मागे गाठी, रंग बदलल्याच्या उड्या आणि ताण कमी-जास्त झाल्याच्या खुणा दिसतात. चांदीच्या दागिन्यांत फसगत जास्त आहे. प्रवासी गावांत विकली जाणारी बरीचशी ‘म्याओ चांदी’ तांबे-निकेलची मिश्रधातू असते. शोभेसाठी ती घ्यायला हरकत नाही, पण चांदीच्या भावाने घेऊ नये, आणि शुद्धतेचा शिक्का व पावती असल्याविना मोठी खरेदी करू नये. घासाघीस चालते, मात्र एका बाहीवर वर्षभर काम झालेले असू शकते, तेव्हा निम्म्या भावापासून सुरुवात करण्याची आपली रीत तिथे आवरती घ्यावी.

जुने बाळवस्त्र, आजीचा पोशाख असे काही समोर आले, तर सावध राहावे. अल्पसंख्याक गटांच्या 1966 पर्यंतच्या प्रातिनिधिक वस्तू चीनबाहेर नेण्यास बंदी आहे, आणि विक्रेत्याने ‘चालते’ म्हटल्याने सीमाशुल्क अधिकाऱ्याचे समाधान होत नाही. नवे काम घ्यावे, विणणाऱ्या बाईकडूनच घ्यावे आणि शक्य असेल तर हातातल्या कामासह तिचा फोटो विचारून काढून ठेवावा, म्हणजे वस्तू अलीकडची असल्याचे दाखवता येते. निळीचे कापड परतीच्या सामानात प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधावे. घरी आल्यावर ते इतर कपड्यांबरोबर धुवू नये, आणि दोंग चमक राखायची असेल तर धुवूच नये, सावलीत वाळवून झटकावे.